ग्रास कटर, ई२० आणि पावसाळा: या मोसमाची नोंद

मंडळी, या वेळची नोंद फक्त इंधनाची. ब्लेड आणि नायलॉन दोरीवर आपलं भरपूर बोलून झालंय. पण पहिल्या पावसानंतर मांगरातून (बागेतल्या खोपीतून) बाहेर काढलेलं मशीन, दोरी ओढून खांदा भरून आला तरी घुं करत नाही, त्याचं कारण बऱ्याचदा टाकीत सापडतं.

माझ्याकडची इंजिनं तुम्हाला माहीत आहेत: कलमांखालच्या बेणणीसाठी, म्हणजे रान कापायला, टू-स्ट्रोक ग्रास कटर, एक फोर-स्ट्रोक पावर विडर आणि विहिरीवरचा पाण्याचा पंप, तोही फोर-स्ट्रोक. सगळी ई२० च्या, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या, आधीची. पुस्तिका काढून पाहिल्या, तर तिन्हींत इथेनॉलची मर्यादा १० टक्के. देशाने १० टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला, फेब्रुवारी २०२३ मध्ये ई२० विक्रीला आलं आणि आता साधं पेट्रोल म्हणून पंपावर तेच मिळतं. म्हणजे पुस्तिका पाळायची म्हटली तर आमच्या देवगडात मशीन उभंच ठेवायला हवं.

आधी मोजून पाहिलं. काचेच्या १०० मिलीच्या मोजपात्रात १० मिली पाणी घेतलं, दिसायला सोपं जावं म्हणून त्यात शाईचा थेंब टाकला आणि १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल भरलं. बूच लावून हलवलं, मध्ये मध्ये वाफ सोडली आणि थर बसू दिले. इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याकडे जातं, त्यामुळे खालचा थर वाढतो. शुद्ध पेट्रोल असेल तर तो १० वरच राहतो, ई१० असेल तर १९ च्या आसपास, ई२० ला २८ च्या जवळ. माझा २७ च्या थोडा वर थांबला. शेजारचे काका गडग्यापलीकडून बघत होते, "अरे, लोकां पेट्रोलातलां पाणी काढतत, तू कित्याक घालतंस?" म्हणाले. करून बघायचं तर उघड्यावर, चुलीपासून आणि विडीपासून लांब. ते पेट्रोल परत टाकीत ओतू नका.

आता कोकणातल्या दमट हवेबद्दल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं हे खरं, पण बंद कॅनमध्ये हे काम फार सावकाश चालतं. आपल्याकडे पाणी शिरतं ते सैल झाकणातून, पागोळीखाली ठेवलेल्या मशीनमधून आणि ओल्या नरसाळ्यातून. ई१० मध्ये अर्धा टक्का पाणी झालं की थर फुटू लागतात. ई२० त्याहून जास्त पाणी पोटात ठेवतं, म्हणजे या एका बाबतीत ई२० उलट बरं. पण थर फुटलेच तर टू-स्ट्रोकला ते फार महागात जातं. पाणी आणि इथेनॉल तळाला बसतात, टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलात मिसळायचं वंगण) वरच्या पेट्रोलात राहतं, आणि टाकीतला फिल्टर वजनाने नेमका तळाशी लोळतो. इंजिनाला ऑइल नसलेला घोट मिळतो. पिस्टन जाम व्हायला तेवढं पुरतं.

माझ्या मते ई२० चा रोजचा त्रास पाण्यापेक्षा दुसरीकडे आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ च. ई२० ची गरज साडेतेराच्या आसपास येते. मोटारीत सेन्सर असतो, तो इंधन वाढवून घेतो. आपल्या कार्ब्युरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच हिशेबाने पेट्रोल सोडतो. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, इंजिन गरम चालतं, आणि भर उन्हात कातळावरचं जाड रान कापताना ते पहिलं जाणवतं. ग्रास कटरचा हाय स्पीडचा स्क्रू (पूर्ण रेसवरचं पेट्रोल कमी-जास्त करणारा) मी किंचित उघडला, पूर्ण रेसवर आवाज थोडा जड होईपर्यंत. कुणी प्लगच्या रंगावरून ट्यूनिंग करत असेल तर जपून: इथेनॉलवर प्लग तसाही फिकट दिसतो. विडरला जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, ठरावीक, तिथे स्क्रू फिरवून काही होत नाही. त्याच्याकडून मी सलग काम कमी घेतो, एवढंच.

रबराची गोष्ट वेगळी लिहायला हवी. जुनी नळी आधी फुगते, मग कडक होऊन चिरते. प्रायमरचा, म्हणजे चालू करण्याआधी दाबून पेट्रोल खेचायचा, फुगा चिकट होतो. डायफ्राम (कार्ब्युरेटरमधला पातळ लवचीक पडदा) ताठरला की मशीन थंड असताना चालू होतं, गरम झालं की बंद पडतं, आणि मेकॅनिक आधी प्लग बदलायला सांगतो. धातूच्या भागांवर पांढरी भुकटी दिसली तर तो इथेनॉल आणि ओलाव्याचा गंज.

मग इथेनॉलविरहित पेट्रोल. अमेरिकेत ते वेगळ्या पंपावर मिळतं, आणि तिथे ई१५ लॉन मोवरमध्ये वापरायला सरळ बंदी आहे. युरोपात आस्पेनसारखं तयार अल्किलेट इंधन, म्हणजे इथेनॉल नसलेलं स्वच्छ पेट्रोल, डब्यात येतं. आपल्याकडे हाताशी असलेला पर्याय म्हणजे इंडियन ऑइलचं एक्सपी१००, डिसेंबर २०२० मध्ये आलेलं, इथेनॉलविरहित म्हणून ओळखलं जाणारं. किंमत साध्यापेक्षा बरीच जास्त आणि मिळतं निवडक शहरांत. शंभर ऑक्टेनने ग्रास कटरला ताकद येईल या भ्रमात राहू नका. या इंजिनांना ९१ पुरतं. आपण पैसे मोजतो ते इथेनॉल नाही म्हणून.

गणपतीला मुंबईहून स्वतःच्या गाडीने येणाऱ्या भाच्याने एक्सपी१०० चा पाच लिटरचा लोखंडी जेरीकॅन आणला. रेल्वेने किंवा एसटीने पेट्रोल आणायला मनाई आहे, ते डोक्यातही आणू नका. घरी विनापरवाना साठ्याची मर्यादा ३० लिटर आहे, पण पाचाच्या वर ठेवायचं कारणच नाही.

पाच लिटरमध्ये मोसम निघत नाही, म्हणून वाटणी केली. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या बेणणीत, मशीन रोज चालत असताना, ताजं ई२०. टाकीतलं पेट्रोल दिवसाच्या आत संपतं, त्याला बिघडायला वेळच मिळत नाही. काम आटोपलं की टाकी रिकामी, मग थोडं एक्सपी१०० ऑइल मिसळून, त्यावर इंजिन काही मिनिटं चालवून कार्ब्युरेटरमधलं जुनं सगळं बाहेर, आणि तेच आत ठेवून मशीन मांगरात. डायफ्राम कोरडा पडला की ताठरतो, म्हणून ग्रास कटर मी पूर्ण सुकवत नाही. विडर आणि पंपाचं उलटं: कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा बोल्ट सोडून दोन्ही कोरडे. महाग पेट्रोल तिथे घालायची गरज नाही.

मागच्या नोंदीखाली एकाने विचारलं होतं, की पाण्याने इथेनॉल धुऊन काढलं तर? निघतं, वर पाहिलंत. पण ई२० चं ऑक्टेन बऱ्याच अंशी त्या इथेनॉलनेच उचललेलं असतं. ते काढल्यावर हातात उरतं ते कमी ऑक्टेनचं, पाण्याचा अंश असलेलं पेट्रोल आणि बादलीभर विषारी पाणी. ते विहिरीच्या आसपास ओतणार? नको.

जूनच्या अखेरीस ग्रास कटर मांगरातून काढला. थोडे झटके, चोक, आणि चालू. आधीच्या वर्षी याच कामाला कार्ब्युरेटर उघडावा लागला होता. एका मोसमावरून सिद्ध काही होत नाही, नवी नळीही मध्ये बसवली होती, तेव्हा श्रेय कुणाला द्यायचं ते पुढच्या वर्षी बघू.

नळी बदलणार असाल तर इथेनॉल सोसणारी, व्हायटॉन नावाच्या रबराची घ्या. बाजारातली पिवळी पारदर्शक नळी दिसायला झकास, पण सगळ्याच सारख्या नसतात, दुकानदाराला विचारून घ्या. टोक तिरकं कापा, टाकीच्या भोकातून चिमट्याने ओढून घ्या, मग सरळ कापून फिल्टर लावा. जुन्या नळीचा तुकडा मापासाठी जवळ ठेवा, लांबी कमी पडली तर मशीन आडवं धरल्यावर फिल्टर पेट्रोलपर्यंत पोचत नाही.