उभ्या गाडीचे चाक

शनिवारी दुपारी जेवणानंतर गाडी फाटकाबाहेर काढताना स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवले आणि पिठाच्या गिरणीचा पट्टा सुरू होताना जसा हुंकार निघतो, तसा आवाज बॉनेटखालून आला. आवाज नवा नव्हता. गेली दोन वर्षे रेडिओ मोठा लावून मी तो ऐकण्याचे टाळत होतो, इतकेच. त्या दुपारी रेडिओ बंद होता. स्टिअरिंग हलके फिरावे म्हणून असलेल्या पॉवर स्टिअरिंगच्या ऑइलची डबी उघडून झाकणाच्या पट्टीवरचा थेंब एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर टेकवला. गळाले तर इंजिन ऑइलपासून वेगळे ओळखता यावे म्हणून या ऑइलला बहुधा लाल रंग दिलेला असतो. माझा थेंब मात्र काकवीसारखा काळपट होता आणि त्याला करपट वास येत होता. गाडी 2004 सालची आहे. हे ऑइल शेवटचे कधी बदलले ते आठवू लागलो, तेव्हा ते बदलायचे असते हेच आपल्याला आजवर ठाऊक नव्हते, असे लक्षात आले.

इंदुरातल्या छोट्या ग्वालटोलीतील दुकानदाराने नव्या ऑइलचा डबा काढून देण्याआधी, "भिया, गैरेज में दे दो, घंटे भर का काम है," असा निःस्वार्थ सल्ला दिला. तो मी ऐकला नाही. कोणते ऑइल घालायचे ते बहुधा डबीच्या झाकणावरच लिहिलेले असते. माझ्या गाडीला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे लाल ऑइल चालते, काही गाड्यांना ते चालत नाही, आणि ब्रेक ऑइल तर चुकूनही घालायचे नसते, कारण त्याने आतील रबरी सील खराब होतात. सोपी रीत अशी, की मोठ्या सिरिंजने डबीतील ऑइल उपसावे, नवे भरावे, गाडी थोडी चालवावी आणि पुन्हा उपसावे. परंतु डबीत एकूण ऑइलाचा जेमतेम तिसरा हिस्सा मावतो, असे धरून मी हिशेब केला, तेव्हा तीन खेपा झाल्या तरी सुमारे 30 टक्के जुने ऑइल आतच राहते, असे निघाले. इतक्या वर्षांनी काम करायचे आणि काकवीत सरबत मिसळायचे, हे मनाला पटेना. म्हणून ऑइल परत आणणारा पाइप डबीपासून सोडवून जुने सगळे बाहेर काढण्याची दुसरी रीत ठरवली.

मागच्या चाकांना ठोकळे लावले, पुढचा भाग जॅकने उचलून घोड्यांवर टेकवला, डबीचे मोकळे तोंड बुचाने बंद केले आणि पाइपाचे टोक बाटलीत सोडले. आता इंजिन बंद ठेवून, किल्ली फिरवून कुलूप सोडायचे आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहायचे, एवढेच उरले होते. मी सीटवर बसलो, हात स्टिअरिंगवर ठेवले आणि ते हलेनात.

आमच्या नानांची अ‍ॅम्बॅसेडर होती आणि तिच्याबाबत त्यांचे नियम पुष्कळ होते, पण त्यांतला पहिला असा, की उभ्या गाडीचे चाक फिरवायचे नाही. गाडी बोटभर का होईना, सरकू द्यायची आणि मग वळवायची. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकी अभियंत्याने 1926 साली करून दाखवलेले पॉवर स्टिअरिंग विक्रीच्या मोटारीत 1951 साली क्रायस्लरच्या इम्पीरियलमधून आले खरे, पण रामबागेतील आमच्या बोळापर्यंत ते नानांच्या हयातीत पोहोचले नाही. बोळाच्या वळणावर नाना सीटवरून अर्धवट उठत, दोन्ही कोपर बाहेर काढत आणि ते भलेमोठे चाक विहिरीतून पोहरा ओढावा तसे हातावर हात घेऊन ओढत. पण गाडी तेव्हाही मुंगीच्या पावलाने का होईना, चालतच असे. मी सहा-सात वर्षांचा असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद गाडीत बसून महूला, उज्जैनला जाऊन येत असे. चाक माझ्याने तसूभरच हले, तरी तेवढ्यानेही नानांना व्हरांड्यात कळे. ते ओरडत नसत, पंचाने मान पुसत येत आणि म्हणत, "उभी असताना नको रे फिरवू, तिचे सांधे दुखतात." टायर जागच्या जागी घासतो, दांड्यांवर आणि स्टिअरिंगच्या पेटीवर ताण येतो, हे मला पुष्कळ नंतर कळले. तोवर गाडीला सांधे असतात, यावर माझा पक्का विश्वास बसला होता. तो अजूनही पूर्ण उडालेला नाही.

शेवटी मुलीला बोलावून स्टिअरिंगवर बसवले आणि मी बाटलीपाशी उभा राहिलो. चाके अधांतरी असल्याने कशावरच ताण येत नव्हता, हे मी स्वतःला बजावत होतो. ती फिरवत गेली, मी डबी रिकामी होऊ न देता ओतत गेलो, कारण ती रिकामी झाली की हवा आत शिरते. बाटलीत आधी काकवी, मग कोकमाचे पाणी आणि अखेर स्वच्छ लाल धार आली. पाइप पुन्हा जोडला, फेस बसू दिला, मग इंजिन सुरू करून थोडे थोडे ऑइल भरले. अगदी शेवटच्या टोकाला स्टिअरिंग दाबून धरायचे नाही, नाहीतर पंप किंचाळतो, हे मुलीला सांगेपर्यंत तो एकदा किंचाळलाच.

जुन्या ऑइलाने मात्र संध्याकाळ खाल्ली. 2017 पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या आणि घरोघरी सहा प्रकारांत कचरा वेगळा करणाऱ्या शहरात काळी बाटली हातात घेऊन उभे राहणाऱ्या माणसाकडे शेजारी कसे पाहतात, ते इंदुरातच राहून कळेल. ते गटारात ओतण्याचा विचारही शक्य नव्हता. ज्या गॅरेजात गाडी द्यायला दुकानदाराने सांगितले होते, त्याच गॅरेजातील जुन्या ऑइलाच्या पिंपात ते रिकामे करून आलो.

रविवारी सकाळी मुलगी गाडी घेऊन पोहे-जिलबी आणायला गेली. परतल्यावर फाटकापाशी गाडी पूर्ण थांबवून तिने एका बोटाने स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवले. गाडीने हूं की चूं केले नाही. नानांचे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आले होते, पण पोहे निवत होते.