स्विफ्टला पावसाळ्यासाठी वेगळी चाकं: १५ इंची अलॉय उतरवून १४ इंची लोखंडी रिम

गाडी दुसऱ्या पिढीची स्विफ्ट झेडएक्सआय, पेट्रोल. कंपनीची अलॉय, म्हणजे हलक्या मिश्रधातूची चाकं, टायरचं माप १८५/६५ आर १५ (रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची). मृग लागायच्या आत ही अलॉय उतरवायची, त्यांच्या जागी लोखंडी रिमवर १६५/८० आर १४ चढवायची आणि दसऱ्याला परत अलॉय लावायची, असं ठरवलं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात काम पूर्ण झालं. आतापर्यंतचा हिशोब इथं मांडतोय.

कल्पना बर्फाळ देशांतल्या लोकांची आहे. तिकडं हिवाळी टायर स्वतंत्र रिमवर बसवून ठेवतात. जर्मनीत ऑक्टोबर ते ईस्टर असा त्याचा रिवाजच आहे. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहील असं बनवलेलं असतं. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होऊन पकड सोडायला लागतं, तिथून हिवाळी टायरचं काम सुरू होतं. नक्षीच्या ठोकळ्यांवर बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. खऱ्या हिवाळी टायरच्या बाजूवर डोंगरात हिमकण अशी खूण असते. आपल्या कोल्हापुरात ऐन जानेवारीतसुद्धा पारा त्या पातळीला जात नाही आणि दुपारच्या तापलेल्या डांबरावर असं रबर भराभर झिजेल. म्हणून ते टायर आपल्या उपयोगाचे नाहीत. पण ऋतूप्रमाणे चाकांचा अख्खा संच बदलायचा, आणि बदलताना रिम एक इंच लहान व टायर अरुंद घ्यायचा, ही त्यांची पद्धत मला आपल्या पावसाला जशीच्या तशी लागू पडते असं वाटतं.

अरुंदच का, ते सांगतो. साचलेल्या पाण्यातून जाताना टायरला समोरचं पाणी बाजूला सारावं लागतं. टायर जितका रुंद तितकं जास्त पाणी. ते वेळेत सारलं गेलं नाही तर टायर पाण्याच्या थरावर चढतो आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. गाडीचं वजन तेच, हवेचा दाब तोच, म्हणजे जमिनीला टेकणारं क्षेत्रफळही जवळजवळ तेवढंच. पण अरुंद टायरचा हा ठसा आडवा कमी आणि लांबीला जास्त असतो. त्याचं पुढचं टोक पाणी फोडतं आणि मागचा भाग डांबराला धरून राहतो. हवेच्या दाबाचा हिशोब तर नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर मांडून ठेवलाय: दाबाचं वर्गमूळ काढायचं (दाब पीएसआयमध्ये) आणि १०.३५ नं गुणायचं, की पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग मैलांत मिळतो. ३२ पीएसआयला तो ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास येतो, २० पीएसआयला ७४ वर. मोटारीच्या टायरचा ठसा आणि नक्षी वेगळी, त्यामुळं हे आकडे तंतोतंत लावू नका. पण हवा कमी ठेवली तर ओल्या रस्त्यावर पकड वाढते असं सांगणारे गल्लोगल्ली भेटतात, त्यांच्यासाठी हे गणित लक्षात ठेवा.

आता मापं. १६५/८० आर १४ ची बाहेरची उंची ६१९.६ मिलिमीटर, १८५/६५ आर १५ ची ६२१.५. फरक ०.३ टक्के. स्पीडोमीटरला तो कळतही नाही. शिवाय याच स्विफ्टच्या खालच्या मॉडेलना कंपनीनं १६५/८० आर १४ च दिलंय, म्हणजे हे गाडीच्या घरचंच माप. भार निर्देशांक ८५, म्हणजे एका टायरला ५१५ किलो. १८५ च्या टायरवर ८८ असतो, म्हणजे ५६०. आकडा उतरतोय, पण खालच्या मॉडेलचे कंपनीचे टायर याच भाराचे असतात.

रिम जुने घेतले. स्विफ्ट आणि त्याच काळातली डिझायर, दोन्हींचे १४ इंची रिम चालतात: चार नट, १०० मिलिमीटरचं वर्तुळ, मधलं भोक ५४.१ मिलिमीटर. लोक अलॉय बसवतात आणि कंपनीचे लोखंडी रिम भंगारात देतात, त्यामुळं मिळायला त्रास नाही. स्टेपनीसकट पाच घेतले. घेताना मी चार गोष्टी पाहिल्या. नटांची भोकं अंडाकृती झालीत का, मधल्या भोकाची कड दबलीय का, वेल्डिंगच्या रेषेवर केसासारखी चीर आहे का, आणि जिथं टायर बसतो त्या कडेला गंजाचे खड्डे आहेत का. शेवटची गोष्ट बहुतेक जण बघत नाहीत. ट्यूबलेस टायरला हवा धरून ठेवते ती हीच कड. तिथं गंजाचे पापुद्रे असतील तर हवा हळूहळू जात राहते आणि पंक्चर काही सापडत नाही.

पाचही रिम शिवाजी उद्यमनगरात नेले. या कामासाठी कोल्हापुरात राहणं हे मला भाग्य वाटतं. ओतकाम आणि लेथची इतकी जुनी परंपरा असलेल्या गावात रिमचा गंज काढायला, सरळ करायला, पावडर कोटिंग करायला हाकेच्या अंतरावर माणसं आहेत. बॅलन्सिंग मशीनवर नुसता रिम फिरवून बघितला तेव्हा पाचातला एक डोलत होता. मिस्त्रींनी तो प्रेसवर घेतला, थोडं दाबायचं, परत फिरवायचं, परत दाबायचं, असं करत सरळ केला. मध्येच म्हणाले, "दादा, लोकं १४ ची १५ करायला येत्यात, तुम्ही १५ ची १४ कशाला करताय?" मी म्हटलं, "गगनबावड्याला पावसात जावं लागतंय." त्यावर ते लगेच म्हणाले, "मग बराबर हाय. तिकडं उंच टायरच पाहिजे. खड्ड्यात रिम वाचतोय." माझा सगळा भर पाण्यावर होता, त्यांनी एका वाक्यात खड्ड्यांचा मुद्दा जोडला. ८० च्या मालिकेत टायरची बाजू १३२ मिलिमीटर उंच असते, ६५ च्या मालिकेत १२०. हा बारा मिलिमीटरचा फरक पाण्याखाली लपलेल्या खड्ड्यात फार मोलाचा ठरतो. आणि लोखंडी रिम वाकलाच तर ठोकून सरळ होतो. अलॉयला चीर गेली की संपलं. सरळ केलेला रिम मात्र स्टेपनीत टाकलाय, चालत्या चाकात नाही.

टायर नवे घेतले. या मापात एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके अशा सगळ्यांचे टायर मिळतात. माझ्या मते इथं नावापेक्षा नक्षी आणि तारीख महत्त्वाची. परिघाभोवती सरळ धावणाऱ्या रुंद खोल नाल्या हव्यात, त्यांतूनच पाणी मागं निघून जातं. बाजूवर 'डॉट'नंतर शेवटचे चार अंक बघायचे: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. दुकानदाराला मी सरळ सांगितलं की पाचही टायर सहा महिन्यांच्या आतले पाहिजेत. त्यानं दोन दिवस मागून घेतले, पण आणून दिले. नव्या टायरची नक्षी साडेसात मिलिमीटर खोल भरली; अलॉयवरच्या जुन्या टायरची साडेतीन उरली होती. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, नाल्यांतल्या छोट्या उंचवट्यांवरून ती कळते. पण ती कोरड्यासाठी ठीक. पावसात ३ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर मी घाटात नेणार नाही.

चाकं बदलायचं काम घरीच केलं, काँक्रीटच्या सपाट जागेत. नट आधी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल केले, मग जॅक बाजूच्या पट्टीच्या खाचेत लावला आणि समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला लाकडी गुटका दिला. अलॉय हबला इतकं धरून बसलं होतं की निघेना. नट पूर्ण न काढता दोन आटे ठेवून गाडी खाली घेतली, जरा पुढंमागं ढकलली, तेव्हा सुटलं. हबवर गंजाचा थर होता. तारेच्या ब्रशनं धातू दिसेपर्यंत घासला, कारण रिम आणि हब यांच्यात राहिलेला थोडासा गंजही पुढं नट सैल करतो आणि चाक किंचित तिरकं बसवतो. घासलेल्या तोंडावर तांब्याच्या ग्रीसचा अगदी पातळ हात दिला. बोल्टच्या आट्यांना मात्र काहीही लावलं नाही. पुस्तिकेतला टॉर्कचा, म्हणजे नट किती जोरानं आवळायचा त्याचा, आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो. तेल लावलं की तोच आकडा बोल्टवर कितीतरी जास्त ताण आणतो.

पहिला रिम नट न लावता नुसता बसवून फिरवून पाहिला. ब्रेकच्या कॅलिपरला कुठं घासत नाही ना, याची खात्री पुस्तकावरून नाही, हातानं फिरवूनच करावी. मोकळा फिरला. नट तेच वापरले, त्यांचं कोनाकार तोंड लोखंडी रिमच्या खोबणीत नीट बसलं. बाहेरची अलॉय असलेल्यांनी इथं थांबून तपासावं, कारण काही अलॉयचे नट वेगळ्या तोंडाचे असतात आणि ते लोखंडी रिमवर बसल्यासारखे वाटतात, बसत नाहीत. नट आधी हातानं लावले, मग समोरासमोरच्या जोड्यांनी आवळले आणि गाडी खाली आल्यावर टॉर्क पाना लावला. शंभरेक किलोमीटरनंतर परत टॉर्क तपासला. दोन नट थोडे फिरले, त्यामुळं ही पायरी कुणी गाळू नये.

उतरवलेली अलॉय साबणानं धुऊन, वाळवून, खडूनं "पुढचं डावं" वगैरे लिहून आडवी रचून ठेवली आहेत. वर जुनी चादर टाकलीय. पाण्याची मोटर आणि वेल्डिंगपासून लांब, कारण तिथल्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो आणि तो रबराला चिरा पाडतो.

गगनबावड्याच्या रस्त्यावर आता चांगलं फिरून झालंय. कोल्हापूर शहरात पडतो त्याच्या काही पट पाऊस तिकडं पडतो. कळे सोडलं की उसाच्या शेतातलं पाणी रस्त्यावर आडवं येतं. पूर्वी अशा पट्ट्यात पुढचं एक चाक शिरलं की स्टिअरिंग त्या बाजूला ओढलं जायचं. आता ती ओढ बरीच कमी झालीय. पुढं चढावर वळणात लाल माती सांडलेली असते, तिथं पहिल्या गिअरमध्ये चाक फिरकायचं ते थांबलं. खड्ड्यांचा दणका मऊ झालाय. दुसरी बाजू अशी की कोरड्या हायवेवर लेन बदलताना गाडी पूर्वीपेक्षा उशिरा वळते, उंच बाजू आधी वाकते आणि मग गाडी ऐकते. उजळाईवाडीच्या बाजूनं वेगानं येताना हे स्पष्ट जाणवतं. मला मान्य आहे, पण ज्यांना तीक्ष्ण स्टिअरिंग आवडतं त्यांना खटकेल. आणि एक प्रामाणिक अडचण: नव्या नक्षीची तुलना मी अर्ध्या झिजलेल्या टायरशी करतोय. सुधारणेतला किती वाटा अरुंदपणाचा आणि किती खोल नाल्यांचा, हे अजून वेगळं करता आलेलं नाही.

पुराच्या पाण्यात यातलं काहीच कामाचं नाही. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडते तेव्हा मी गाडी घरी ठेवतो. ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता. वाहतं फूटभर पाणी छोट्या गाडीला उचलायला पुरतं, टायर कोणताही असो.

दसऱ्याला अदलाबदल करताना पुढच्या-मागच्या चाकांची नक्षी खोलीमापकानं मोजून इथं टाकेन. अलॉयवर तेव्हा नवे १८५ चे टायर चढणार आहेत. परतीचा पाऊस असलाच तर त्याच रस्त्यावर दोन्ही संच सारख्या नक्षीनिशी पाठोपाठ चालवून बघायचेत, म्हणजे अरुंदपणाचा प्रश्न सुटेल. कुणाकडं डिझायरवर असा दुसरा संच असेल तर हवेचा दाब किती ठेवता ते कळवा. मी पुढं-मागं गाडीवरच्या कंपनीच्या दाबाच्या पट्टीवर लिहिलेलाच ठेवतोय.