पाणी

दुभाषी म्हणून कारखान्याच्या कामाला जाताना मी आदल्या रात्री शब्दांची यादी करते आणि घोकते. त्या यादीवरच माझं घर चालतं म्हणा ना. ओकायामाच्या त्या दौऱ्यातल्या यादीत एक शब्द होता ‘याकीइरे’. पुढे मी लिहून ठेवलं होतं: क्वेंचिंग, म्हणजे तापवलेलं पोलाद झटकन निववून कडक करणं.

पुण्याहून आलेल्या मंडळींत चार इंजिनिअर होते आणि पाचवे हीट ट्रीटमेंट शॉपचे सुपरवायझर. शॉपमध्ये सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही. बैठका शनिवारी संपल्या. रविवारी इंजिनिअर लोक कोराकुएन बाग बघायला निघाले. आपलं सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान याच बागेवरून बेतलेलं आहे. मामा म्हणाले, “ती मी पुण्यात बघतो की. ताई, इथं जवळच तलवारी घडवतात म्हणं?” माझ्या रविवारचे पैसे ठरलेले नव्हते, तरी निघाले.

आको मार्गाच्या लोकलनं ओसाफुने स्टेशन, तिथून टॅक्सीनं तलवारींचं संग्रहालय. हा जुना बिझेन प्रांत. डोंगरातली लोहवाळू, लोणारी कोळसा आणि योशिई नदीची वाहतूक, तिन्ही हाताशी. त्यामुळे कामाकुरा काळापासून इथे लोहारांची गावंच्या गावं वसली. जपानच्या ‘राष्ट्रीय ठेवा’ ठरलेल्या तलवारींपैकी जवळपास निम्म्या बिझेनच्या. उएसुगी केनशिन या सरदाराच्या घराण्यातली ‘सानचोमो’ ही तलवार इथल्या सेतोउची नगरपालिकेनं 2020 साली 50 कोटी येनला विकत घेतली, तीही लोकांकडून देणग्या गोळा करून. वर्षातले थोडेच दिवस ती बाहेर काढतात; आम्ही गेलो तेव्हा नव्हती.

मामा काचेच्या कपाटांपुढे फार रेंगाळले नाहीत. आवारातच लोहारशाळा आहे आणि त्या दिवशी प्रात्यक्षिक होतं. उस्ताद लहान हातोडीनं ऐरणीवर टक् करायचे की समोरचा शिष्य घण घालायचा. पोलाद लांबवायचं, दुमडायचं, पुन्हा ठोकायचं. त्या आळीपाळीच्या घावांना ‘आइझुची’ म्हणतात. समोरचा बोलत असताना जपानी माणूस ‘हाय, हाय’ करत राहतो, त्यालाही हाच शब्द. शुक्रवारच्या बैठकीत आमच्या साहेबांनी त्या ‘हाय’ला होकार समजून दर पक्का धरला होता, आणि तो निस्तरताना माझा घसा सुकला होता.

प्रात्यक्षिक संपल्यावर उस्ताद आमच्यापाशी आले. मामांचा पहिला प्रश्न, “महिन्याला किती?” लांब तलवारी एका लोहाराला महिन्यात दोनच करता येतात, तसा नियमच आहे. मामा हसले. त्यांच्याकडे एका शिफ्टला त्याच्या कैक पट शाफ्ट निघतात.

मग विषय याकीइरेवर आला. पात्यावर चिकणमाती, कोळशाची पूड आणि दगडाची पूड कालवून लेप देतात. धारेवर पातळ, पाठीवर जाड. तापवून पाण्यात घातलं की धार झटकन निवते आणि कडक होते, पाठ सावकाश निवते आणि चिवट राहते. कडक झालेली धार किंचित फुगते, त्यानं पातं पाठीकडे वाकतं. सामुराईच्या तलवारीचा तो बाक पाण्यात येतो. कधी तडा जातो, आणि सगळी मेहनत भंगारात.

“आमच्याकडं जॉब वाकला की रिजेक्शन,” मामा म्हणाले, “आणि ह्यांच्याकडं वाकला की तलवार.” हे मी जपानीत सांगितलं, तेव्हा शिष्यसुद्धा हसला.

“टेम्परेचर किती धरता?”

उस्ताद म्हणाले, “रंग.” उजेडात तो रंग नीट कळत नाही, म्हणून हे काम अंधार करून करतात.

नंतर त्यांनी मला विचारलं, “तुमच्या भाषेत याकीइरेला काय म्हणतात?”

मी म्हटलं, “क्वेंचिंग.”

“ते इंग्रजी झालं. तुमच्या भाषेत?”

बारा वर्षं हे काम करतेय, पण तोंडातून शब्द फुटेना. मामांकडे वळले. प्रश्न ऐकून त्यांनी मलाच विचारलं, “ताई, विळ्याला काय देतात?”

पाणी! विळ्याला पाणी देतात, कुऱ्हाडीला पाणी देतात. बाणेदार माणसाला आपण ‘पाणीदार’ म्हणतो. मी हे सांगितल्यावर उस्ताद थोडा वेळ गप्प राहिले, मग ‘पानी, पानी’ असं दोनदा घोळवून पाहिलं. म्हणाले, आमच्याकडे वरवर बसवलेल्या धारेला ‘त्सुकेयाकीबा’ म्हणतात. घाईनं घोकलेल्या विद्येलाही तेच. माझ्या पर्समधली यादी त्यांनी पाहिली नव्हती, पण मी पर्सची चेन लावून टाकली.

परतीच्या गाडीत मामा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे वडील सातारा जिल्ह्यातल्या एका गावात लोहारकी करायचे, हे मला तेव्हा कळलं.

“बापू विळ्यांना पाणी द्यायच्या आधी खिडकीला गोणपाट लावायचे,” ते म्हणाले. “मी भाता ओढायला असायचो. मला वाटायचं, ऊन लागतंय म्हणून लावतात.”