ड्रोनची नंबर प्लेट
लग्नसराई लागली की नागपुरातल्या लॉनवर ड्रोन भिरभिरतो, नवरदेवाच्या फेट्याजवळ एवढा खाली येतो की घोडी बिचकते, पण तो उडवतंय कोण, विचाराल तर कोणालाच माहीत नसतं. अमेरिकेनं याच्यावर रिमोट आयडी काढलाय अन् मला तरी तो पटतो. उडता उडता ड्रोन स्वतःच वायफाय किंवा ब्लूटूथवर आपला आयडी, जागा, उंची, स्पीड सांगत राहतो, चालत्या गाडीची नंबर प्लेटच म्हणा, फक्त ही प्लेट उडवणारा कुठं उभा आहे तेही दाखवते! इथंच तिकडच्या पायलट लोकांचं डोकं फिरलं, कारण मोबाईलवर बघून कोणीही भांडायला येऊ शकतो ना भाऊ. जुन्या ड्रोनला वेगळं मॉड्यूल लावता येतं, त्यात उडवणाऱ्याची नाही, टेकऑफची जागा दिसते, तेवढाच दिलासा. नियम न पाळणाऱ्यांना तिकडं दिलेली सवलत १६ मार्च २०२४ पासून संपली. हौशी लोकांचे २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन मात्र सुटले.

आपल्या २०२१ च्या ड्रोन नियमांत ट्रॅकिंग बीकन (ड्रोन कुठं आहे ते सांगत राहणारं यंत्र) अन् जिओफेन्सिंग (ठरल्या हद्दीबाहेर ड्रोन जाऊ न देणं) आहे, पण पुढे सरकार नोटिफाय करेल तेव्हा, अन् त्यानंतर निदान सहा महिने मुदत. तोवर फक्त रजिस्ट्रेशनचा युआयएन, म्हणजे ड्रोनचा ओळख नंबर, जो आकाशात कोणाला दिसणार बाप्पा?

अन् नागपूरच्या फुटाळा तलावावर संध्याकाळचं शूट करणाऱ्यांनो, आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाइटचा मॅप उघडा, सोनेगाव विमानतळ ८ किमीच्या आत येतं, परवानगीशिवाय उडवू नका, वरून एअरफोर्सवाले शेजारीच.