खाली काय टाकले होते

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात जो पाऊस कोसळला, त्याने अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीचे पाणी आसपासच्या वस्त्यांत शिरले. पुढचे कित्येक आठवडे सोफे, गाद्या आणि कार्पेट धुणाऱ्या आम्हा लोकांना उसंत मिळाली नाही. रामदासपेठेच्या बाजूच्या एका सभागृहाचे काम मी घेतले ते ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. नवरात्र तोंडावर आले होते, पहिल्याच दिवशीचा कार्यक्रम ठरलेला होता आणि दारातून आत पाऊल टाकताच कुबट वास नाकात भरत होता.

नाल्याचे पाणी जिथवर चढले होते तिथवरचे कार्पेट व्यवस्थापनाने आधीच फाडून टाकले होते. तो निर्णय योग्यच होता, कारण सांडपाण्यात दोन दिवस भिजलेले कार्पेट कशानेही वाचत नाही आणि वाचवूही नये. वरच्या रांगांतले निळे नायलॉनचे कार्पेट मात्र थेट भिजलेले नव्हते. विजेचे पॅनल बिघडल्यामुळे वातानुकूलन बंद, दारे बंद आणि हवेत ओल, अशा स्थितीत ते दोन आठवडे पडून राहिल्याने त्याला बुरशीचा वास लागला होता. असा वास घालवता येतो, आणि मला तो घालवता येतो याचा अभिमानही आहे.

गिऱ्हाईक सुगंध मागते. कार्पेटवर गुलाबाचा फवारा मारून पैसे नेणारे पुष्कळ आहेत, आणि चार दिवसांनी गुलाब आणि बुरशी असा दुहेरी वास येऊ लागला की तेच गिऱ्हाईक आमच्याकडे येते. खरे काम धाग्यांच्या बुडाशी असते. आधी कोरडे व्हॅक्यूम करावे लागते. शाम्पू अल्कधर्मी असतो आणि तो धाग्यात उरला तर कार्पेट चिकट राहून पुन्हा धूळ धरते, म्हणून त्यावर सौम्य आम्लधर्मी द्रावण फवारावे लागते. आमचा डिओडोरायझर, म्हणजे वास घालवणारे रसायन, याच जातीचा आहे. त्यात सायट्रिक आम्ल आहे, मूळ कॅनमधला सामू (पीएच, जितका कमी तितके आम्ल तीव्र) तीनच्याही खाली असतो आणि एक लीटरला वीस लीटर पाणी घालून तो वापरायचा असतो. अमोनियासारखे वास आम्लाने बांधले जातात आणि शाम्पूचा अंशही निघून जातो. शेवटी यंत्राने पाणी इतके ओढून घ्यायचे की तळहात दाबला तर ओल लागली पाहिजे, पण थेंब उमटता कामा नये. याहून जास्त पाणी राहिले तर खालच्या तागाच्या अस्तराचा तपकिरी रंग वर चढतो आणि तो डाग निघता निघत नाही.

त्या दिवशी आम्ही चौघे होतो. व्हॅक्यूम आणि शाम्पू दुपारपर्यंत उरकला. मोठ्या यंत्राचा ब्रश भिंतीपर्यंत पोहोचत नाही, म्हणून कडा आणि खुर्च्यांच्या पायांभोवतीची जागा गुडघ्यांवर बसून हातपंपाने आणि हातब्रशने करावी लागते. हे काम सावनेरकडच्या एका मुलाकडे होते. माझ्याकडे तीन वर्षे काम केलेला, हात अतिशय स्वच्छ असलेला मुलगा. भिंतीलगतच्या लाकडी पट्टीखाली पांढरी भुकटी साचलेली मी सकाळीच पाहिली होती. आमच्यासारखे अनेक जण वास शोषण्यासाठी खाण्याचा सोडा पसरतात. आमच्या आधी कोणीतरी तोच प्रयोग केला असेल असे मी गृहीत धरले आणि पुढे गेलो. कोणाला विचारले नाही.

मुलाने फवारा मारला तसे त्या भुकटीवर बारीक बुडबुडे आले. मी चार हात अंतरावर उभा राहून ते पाहिले. सोड्यावर आम्ल पडले की फसफसतेच, त्यामुळे माझा समज उलट पक्काच झाला. हे मला आजही सर्वांत जास्त टोचते. डोळ्यांना दिसलेली खूण खरी होती आणि तिचा मी लावलेला अर्थ चुकीचा होता.

मिनिटभरात तो म्हणाला, “दादा, डोळे झोंबून राहिले.” मी म्हटले, चष्मा नीट लाव. मग तो खोकू लागला, आणि तो खोकला धुळीचा नव्हता. मी त्याच्याजवळ जाऊन वाकलो तेव्हा पोहण्याच्या तलावावर येतो तसला, पण त्याच्या कितीतरी पट तीव्र वास माझ्या घशात शिरला. उभे असताना तो मला जाणवला नव्हता. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो. तो जमिनीलगत पसरतो, आणि जमिनीलगत आमचा मुलगा गुडघ्यांवर बसला होता. हिरवट धूर वगैरे काहीही दिसला नाही. इतक्या प्रमाणात तो दिसतही नाही.

ती भुकटी ब्लीचिंग पावडर होती. तिच्यावर आम्ल पडले की क्लोरीन वायू सुटतो. शाळेच्या प्रयोगशाळेत शिकवली जाणारी ही गोष्ट मी दररोज आम्ल हाताळत असूनही त्या क्षणी मला सुचली नाही.

आम्ही त्याला दंडांना धरून पायऱ्यांवरून वर नेले. बाहेर पडण्याचे खालचे दार जवळ होते, पण वायू उताराकडे जाणार हे एव्हाना डोक्यात आले होते. बाहेरच्या नळाखाली पंधरा मिनिटे त्याचे डोळे धुतले, फवारा पडलेला सदरा काढला आणि त्याला आडवे न करता बसते ठेवले. पुराच्या वेळी पावडर मारली होती का, असे चौकीदाराला विचारले तेव्हा तो अगदी सरळपणे म्हणाला, “आम्हीच टाकली ना भाऊ, आठ दिवस झाले. वास येऊन राहिला होता म्हणून.” त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्या दिवसांत अर्ध्या शहरात गटारांच्या कडेला तीच पावडर पसरलेली होती आणि घराघरांत लोक ती विश्वासाने वापरत होते. माझा राग व्यवस्थापकावर आहे. काम ठरवताना त्याने दर तीनदा पाडून मागितला, पण आधी काय काय करून पाहिले हे एकदाही सांगितले नाही. राग माझ्यावरही आहे, कारण विचारण्याचे काम माझे होते.

दवाखान्यात त्याला ऑक्सिजन आणि वाफेतून औषध दिले. अशा वायूचा फुप्फुसांवरचा परिणाम काही तासांनी उलटून येऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतले, आणि ते त्यांनी स्वतःहून केले याबद्दल मी कृतज्ञ आहे. सकाळी छाती स्वच्छ होती. खोकला पुढे दहाएक दिवस राहिला. त्याने जो मास्क लावला होता तो धुळीचा होता. तसला मास्क कितीही चांगला असला तरी वायू अडवत नाही, त्यासाठी आम्लवायू शोषणारी डबी (कार्ट्रिज) बसवलेला मास्क लागतो. आमच्या धंद्यात मास्क म्हणजे मास्क अशी समजूत आहे आणि पुरवठादार ती दूर करण्याच्या भानगडीत पडत नाहीत.

दोन दिवस दारे उघडी ठेवून, पंखे लावून आम्ही काम पुरे केले. कडांवर आम्लाला हातही लावला नाही. नुसते भरपूर पाणी घालून ते ओढून घेतले. वाळल्यावर दिसले की भिंतीलगत चार बोटांची पट्टी निळ्याची फिकट पिवळट झाली आहे. पावडरीने रंग खाल्ला होता. ती पट्टी सकाळच्या अंधुक उजेडातही असणारच. मी तिच्यावरून चालत गेलो होतो.

रसायनाबरोबर येणारे माहितीपत्रक सोळा विभागांचे असते आणि आमच्याकडे येते ते इंग्रजीतून. ते मुलांसाठी मराठीत आणण्याचा खटाटोप मी त्याच्या दोन वर्षे आधी स्वतः केला होता. प्रथमोपचाराचा चौथा विभाग, हाताळणी व साठवणीचा सातवा, हातमोजे-चष्म्यांचा आठवा, हे सगळे शब्द निवडून, वाचून दाखवून, दुरुस्त करून मी लिहिले होते. दहावा विभाग सोडून दिला होता. त्यात कोणत्या पदार्थांशी संयोग टाळावा हे असते, आणि ते गोदामवाल्यांसाठी आहे असा माझा ग्रह होता. दवाखान्यातून आल्यावर मी मूळ पत्रक उघडले. हायपोक्लोराइटचे, म्हणजे ब्लीचिंग पावडरमधल्या मुख्य द्रव्याचे, नाव तिथे पहिल्याच ओळीत होते.

त्याच रात्री मी तो विभाग मराठीत उतरवला: “ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडरमध्ये हे रसायन मिसळू नये.” मुलगा कामावर परतला तेव्हा त्याला वाचायला दिले. त्याने दोनदा वाचले आणि म्हणाला, “पण दादा, आपण कुठं मिसळलं होतं? ते तर आधीच खाली होतं.”

मी ते वाक्य खोडले. त्याच्याच हाताने पत्रकाच्या माथ्यावर आता लिहिलेले आहे: कॅनचे झाकण उघडण्याआधी चौकीदाराला, झाडूवाल्याला आणि मालकाला वेगवेगळे विचारा, आठ-पंधरा दिवसांत इथे काय टाकले.