स्पाइक लावल्यानंतरची ४५ सेकंदं

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी आमच्या कॉलेजच्या व्हॅलोरंट टीममधून बाहेर पडलो. व्हॅलोरंट म्हणजे पाच विरुद्ध पाच असा नेमबाजीचा कॉम्प्युटर गेम. माझ्यापेक्षा चांगले खेळणारे पाच जण होते. खेळणं सुटलं, पण मॅच बघणं सुटेना. शेवटी कॅप्टनच म्हणाला, "बघतोसच ना, मग आमचं काय चुकतं ते लिहून दे." तिथून माझं कोचिंग सुरू झालं.

पहिलं काम परवानगीचं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाच्या अखत्यारीत आणलं, २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्यात पदकं होती, एवढं अर्जात लिहिल्यावर जिमखान्याच्या सरांनी सही केली. लॅब मात्र मिळाली नाही. व्हॅलोरंटसोबत येणारं व्हॅनगार्ड हे अँटी-चीट, म्हणजे फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर, थेट विंडोजच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) बसतं. ज्या कॉम्प्युटरवर परीक्षा होतात तिथे ते टाकायला लॅब असिस्टंटनी नकार दिला आणि तो मला पटला. मग सराव हॉस्टेलवर, रात्री नऊनंतर, आपापल्या लॅपटॉपवर. सबमिशनच्या आठवड्यात सुट्टी.

सुरुवातीला मी फक्त किल, म्हणजे कोणी समोरचे किती मारले ते, मोजायचो. किल सगळ्यांचे ठीक होते, तरी आम्ही हरत होतो. मग सहा स्क्रिमची (सरावाच्या मॅचची) रेकॉर्डिंग पुन्हा लावली आणि शीटमध्ये प्रत्येक हरलेल्या राउंडसमोर एकच गोष्ट लिहिली: राउंड हातातून नक्की कधी गेला? अटॅकच्या राउंडमध्ये उत्तर पुन्हा पुन्हा तेच येत होतं. स्पाइक, म्हणजे अटॅक करणाऱ्यांचा बॉम्ब, लावून झाल्यावर.

हे मला फार लागलं, कारण तिथे घड्याळ आपल्या बाजूचं असतं. लावलेली स्पाइक ४५ सेकंदांनी फुटते आणि राउंड आपला होतो; समोरच्यांना ती डिफ्यूज (निकामी) करायला ७ सेकंद लागतात. ३८ सेकंद उलटल्यावर कोणी नव्याने सुरुवात केली तर ते पुरं होत नाही. अर्धं डिफ्यूज आधी झालं असेल तरच धोका, कारण ते जमा राहतं. म्हणजे यायचं समोरच्यांनी, आपण थांबायचं. आमची मुलं मात्र एकेकटी त्यांना शोधायला जायची आणि एकेक करून मरायची.

हे सांगायची माझी पद्धत चुकली. सगळ्यांसमोर एकाच मुलाच्या चुका मी अर्धा तास दाखवत बसलो. तो दोन दिवस सरावाला आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या खोलीवर गेलो तेव्हा म्हणाला, "मला वाटलं मागून कोणीतरी येतंय. कोणी बोललंच नाही रे." तोच राउंड आवाजासकट पुन्हा ऐकला. खरंच, डिस्कॉर्डवर (खेळताना एकमेकांशी बोलायच्या ॲपवर) नऊ सेकंद कोणीही काही बोललं नव्हतं. मी त्याची माफी मागितली. त्यानंतर क्लिप लावली की माझा पहिला प्रश्न ठरलेला: "तेव्हा तुला काय माहीत होतं?"

सरावही बदलला. कस्टम गेम, तीन विरुद्ध तीन, स्पाइक लावल्यापासूनचा तेवढाच तुकडा, रोज वीस वेळा. स्पाइक लावली की स्क्रीनवरचं राउंडचं घड्याळ जातं, फक्त बीप जलद होत राहतो. म्हणून एकाने मोठ्याने मोजायचं, बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही. पहिला आठवडा सगळे कंटाळले. मीही कंटाळलो, पण सोडलं नाही.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची सेमीफायनल असेंट मॅपवर होती. कोचला बोलायची परवानगी फक्त टाइमआउटमध्ये, म्हणून मी मागे हात बांधून उभा. एका राउंडला बी साइटवर (स्पाइक लावायच्या जागांपैकी एक) स्पाइक लावलेली, समोर दोघं, आणि आमच्याकडून ज्याची मी माफी मागितली होती तोच मुलगा एकटा उरलेला. एकदा डिफ्यूजचा आवाज आला, त्याने सोव्हा या त्याच्या पात्राचा शॉक डार्ट (स्फोट होणारा बाण) टाकून समोरच्याला उठवलं आणि पुन्हा बी मेनमध्ये, म्हणजे साइटकडे येणाऱ्या वाटेत, लपला. मेलेल्यांपैकी एक जण मोजत होता. "तीस... पस्तीस... अडतीस." लपलेला तो जागचा हलला नाही. स्पाइक फुटली.

मॅच आम्ही ११-१३ ने हरलो. रात्री साडेअकराला तोच माझ्या खोलीवर आला आणि म्हणाला, "शीट उघड, आजचे राउंड भरू."