जादा तासातली वजाबाकी

आमची शाळा जिल्हा परिषदेची, दोन शिक्षकी. पहिली-दुसरी बाईंकडे आणि तिसरी-चौथी माझ्याकडे आहे. सोयाबीनच्या काढणीच्या तोंडावर शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत पालकांनी शाळा रोज तासभर जास्त भरवण्याची मागणी केली आणि ती लगेच मंजूरही झाली.

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावे लागते. कागदावर आम्ही ते पुरे करतो. परंतु एकाच खोलीत दोन इयत्ता बसत असल्यामुळे तिसरीला शिकवताना चौथी फळ्यावरचे उतरवून घेत असते, म्हणजे प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला प्रत्यक्ष शिकवणे जेमतेम निम्मेच येते. मतदार यादीचे काम आणि ऑनलाइन माहिती भरणे आणखी वेगळे.

त्या दिवशी जादा तासात चौथीतल्या एका मुलाची वही पाहिली. ४२ वजा १७ याचे उत्तर त्याने ३५ लिहिले होते, कारण दोनातून सात जात नाहीत म्हणून त्याने सरळ सातातून दोन वजा केले होते. हातच्याच्या प्रत्येक उदाहरणात हीच चूक होती आणि वाढीव वेळेत तिचाच सराव पक्का होत होता. मी पुस्तक मिटायला लावले आणि दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे व दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवून सतरा काड्या मागितल्या. एक गठ्ठा आणि दोन सुट्या काड्या देऊन तो अडला.

"गुरुजी, रबर काढू का?"

"काढ की."

गठ्ठा सुटला, त्यातल्या पाच काड्या माझ्याकडे आल्या आणि उरलेल्या पंचवीस मोजून त्याने वहीतले ३५ स्वतःच खोडले. 'प्रथम' संस्था इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करून शिकवण्याचा आग्रह का धरते, हे मला प्रशिक्षणापेक्षा इथे जास्त पटले. तोवर मागच्या ओळीतली मुले पेंगू लागली होती. दुपारच्या खिचडीनंतर त्यांच्या पोटात काहीच गेले नव्हते.

पुढच्या सभेत मी सुचवले की सर्वांना तासभर बसवण्याऐवजी मागे पडलेल्या मुलांचाच छोटा गट अर्धा तास घ्यावा. शिकण्याच्या दृष्टीने कोणाचीच हरकत नव्हती. एका आईने मात्र विचारले, "रानातनं आम्ही दिवस मावळल्यावर येतो, तवर बाकीची पोरं कुठं ठेवायची?" या प्रश्नाचे उत्तर माझ्या वेळापत्रकात नव्हते, अर्ध्या तासाच्या ठरावाखाली मी तोही इतिवृत्तात नोंदवला.